पिशवीनिर्णय

निर्णयसिंधू आणि धर्मसिंधू असे दोन समुद्र असताना हे तिसरं डबकं कशाला, असा आक्षेप येईल. येवो. त्या समुद्रांत एकादशी कोणती धरावी, सुतक किती दिवस पाळावं, ग्रहणात काय करू नये, सगळं आहे. पण रोज सकाळी ठाणे-वाशी लोकलच्या दारात लोंबणारा गृहस्थ खांद्याला जे अडकवून निघतो त्याला म्हणावं काय, याचा निर्णय मला त्यांत सापडला नाही. (दोन्ही ग्रंथ सबंध वाचलेले नाहीत, हेही नोंदवतो. शास्त्रचर्चेत इतकं प्रांजळ सहसा कुणी असत नाही.)

अभ्यासाचं क्षेत्र तळवली. या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. ही आपली घणसोली-रबाळ्याकडची. क्षेत्र निवडण्याचं कारण शास्त्रीय आहे: मी तिथे राहतो. दुसरं कारण असं, की रुळांच्या एका अंगाला गावठाण आणि त्याला खेटून उभ्या राहिलेल्या इमारती, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे एमआयडीसीचा पट्टा. सिडको १९७० साली स्थापन झाली, ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी इथे भात, मिठागरं आणि खाडी. त्यामुळे शेतावर फडक्यात भाकर बांधून नेलेला आजा, कंपनीत पाळीला पिशवी घेऊन गेलेला बाप आणि गळ्यात ओळखपत्र घालून ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणारा नातू हे तिन्ही भूस्तर इथे एकाच ओट्यावर बसलेले सापडतात. खणायची गरजच नाही.

अभ्यासाची पद्धत म्हणजे गर्दीच्या वेळी घणसोली स्टेशनात उभं राहून कान उघडे ठेवणे. मोजणी केलेली नाही. मोजायला एक हात मोकळा लागतो.

आधी वाडवडिलांची इस्टेट पाहू. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) चाळला की या बाबतीत आपण केवढे श्रीमंत होतो ते कळतं. पैशांसाठी कमरेला कसा. पानसुपारीला चंची. खांद्यावर टाकली की एक तोंड पुढे आणि एक मागे, अशी पडशी. भिक्षेला झोळी, औषधाला बटवा, गारुड्याला पोतडी. एकेका पुरुषाकडे यातल्या दोन-तीन असत, आणि कुठलीला काय म्हणायचं यात त्याची जीभ कधी अडखळत नसे. आज त्याच्या पणतवाकडे एकच आहे. तिला खण सात, चेन पाच, आणि धड नाव एकही नाही.

‘पिशवी’ म्हणावं तर तो शब्द आधीच कामाने पिचलेला. दूध पिशवीचं. भाजीला पिशवी. चार बायका आवाज बारीक करून ‘तिची पिशवी काढली’ म्हणतात ती वेगळीच, तिथे पुरुषाने उठून गॅलरीत जायचं असतं. पण खरी अडचण अर्थाची नाही, हुकमाची आहे. ‘जाताना पिशवी घेऊन जा’ हे वाक्य मराठीत आज्ञार्थीच येतं. हातात पिशवी असलेला माणूस कुणीतरी पाठवलेला असतो. खांद्याला बॅग असलेला माणूस आपणहून निघालेला असतो. एवढा एक भेद राखण्यासाठी तळवलीतला पुरुष पिशवी घडी करून बॅगेत ठेवतो. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हापासून ही कापडी घडी बॅगेच्या पोटात कायमची वस्तीला आली. तिच्यावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख नाहीतर इच्छुक उमेदवाराचा फोटो असतो. बाहेरच्या बॅगेला नाव नाही, आतल्या पिशवीवर नावच नाव.

आता लिंगविचार. पिशवी, थैली, झोळी, पडशी, चंची, पोतडी, बॅग, सॅक, ब्रीफकेस, शबनम: सगळ्या स्त्रीलिंगी. पुल्लिंगी म्हणून बटवा आणि कसा उरतात; पैकी बटवा आजीबाईंनी नेला आणि कसा कमरेबरोबर गेला. ‘पर्स’ हा शब्द बायकोच्या वस्तूला लागताच पुरुषाने आपल्या घडीच्या चामड्याला ‘पाकीट’ म्हटलं, नपुंसकलिंगात नेऊन मागच्या खिशात सुरक्षित ठेवलं. हल्ली पोरं छातीवर तिरकी अडकवतात त्या चिमुकल्या प्रकाराला कुणी साइड बॅग म्हणतं, कुणी पाऊच. या पाऊचचं लिंग अजून ठरायचं आहे. तो, ती आणि ते अशी तिन्ही रूपं मी एकाच घरात, एकाच जेवणात ऐकली.

शबनमबद्दल थोडं आडरानात शिरतो. फारसीत शबनम म्हणजे दव. लांब पट्ट्याची, खादीची किंवा हातमागाची, आत सभेचं पत्रक, अर्धं वाचलेलं पुस्तक आणि बिडीचं बंडल असलेली पिशवी एके काळी कार्यकर्त्याच्या नि कवीच्या खांद्यावर असे, तिला हे नाव. खांद्यावर चळवळ आणि नाव दवाचं! इतका नाजूक शब्द मराठी पुरुषाने स्वतःच्या वस्तूला दुसऱ्यांदा वापरलेला नाही. आमच्या भागात शेवटची शबनम मी एका निवृत्त मास्तरांकडे पाहिली. त्यात विजेची बिलं होती.

घरात या एकाच वस्तूला माणसागणिक नाव बदलतं. बायको ‘तुमची ती बॅग’ म्हणते. ‘ती’ या सर्वनामात बॅग कॉटवर टाकण्याबद्दलचा सगळा इतिहास येतो. मुलगी ‘सॅक’ म्हणते. आणि आई, समोर उभ्या पंचेचाळीस वर्षांच्या केस पिकलेल्या इसमाला विचारते, ‘दप्तर घेतलंस का रे?’ हसू नये. तिघींत शास्त्रशुद्ध तीच बोलते. दप्तर मूळचं ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कातडं. कातड्यावर लिहू लागले म्हणून लिखाणाला तेच नाव. तिथून अरबी-फारसीच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे आला, पुण्यात पेशवे दप्तर होऊन बसला, काही घराण्यांना दप्तरदार करून गेला आणि शेवटी पोरांच्या पाठीवर चढला. हिंदीत तर दफ्तर म्हणजे कचेरीच. तेव्हा कचेरीला निघालेल्या माणसाच्या पाठीवर दप्तर नाही तर काय असणार? आईला यातलं काही माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की हा विसरतो.

हे झालं घरातलं. उंबऱ्याबाहेर पडला की पुरुष स्वतः काय म्हणतो, तो या ग्रंथाचा गाभा. तो म्हणतो, ‘लॅपटॉप’.

‘जरा लॅपटॉप वर ठेवा ना.’ ‘सांभाळून, लॅपटॉप आहे.’ दारातून आत, हातोहात, चार डोक्यांवरून एक काळी फुगीर वस्तू रॅककडे जाते आणि ज्याच्या हातात येते तो ती तान्ह्या बाळासारखी पुढे देतो. आत लॅपटॉप असतो का? काहींच्या असतो. पण ज्यांच्या कामाचा लॅपटॉपशी संबंध नाही, जे स्टोअरमध्ये आहेत, मेंटेनन्सला आहेत, बॉयलरवर आहेत, तेही लॅपटॉपच म्हणतात. कारण त्या बॅगेत जे निर्विवाद आहे त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं. आत डबा आहे. बाकीच्या वस्तू डब्याच्या सेवेला आहेत: बाटली पाण्याची, नॅपकिन हात पुसायला, घडीची पिशवी येताना कोथिंबीर आणायला, आणि कालचं वर्तमानपत्र खाली पसरायला. छत्री तेवढी तटस्थ.

यावरून आमचा सिद्धांत: पुरुषाच्या पिशवीचं नाव म्हणजे आतल्या डब्यावर बसवलेलं दुसरं झाकण.

सिद्धांत तळवलीत सुचला म्हणून तळवलीपुरताच आहे असं नाही. हॅवरसॅक हा रुबाबदार फौजी शब्द घ्या. मूळ जर्मन, अर्थ ओटची पिशवी, घोड्याचा डबा. नॅपसॅकमधला ‘नॅप’ डुलकीचा नाही, बहुधा चावून खाण्याच्या क्रियापदाचा आहे, सैनिकाचा डबा. म्हणजे सगळं युरोप डबे पाठीवर घेऊन लढायला निघालं होतं आणि सांगत काहीतरी भलतंच होतं. मोठ्या लोकांनी तर कमालच केली. ‘मेल’ हा जुन्या फ्रेंचमधला शब्द, अर्थ पिशवी; पत्रं नेणाऱ्या पिशवीवरून टपाल आणि टपालावरून गाडी. त्या हिशेबाने पंजाब मेल ही १९१२ पासून धावणारी पंजाबी पिशवी ठरते. ‘बजेट’ही फ्रेंच, छोटी चामड्याची पिशवी. आपला खलिता मूळ अरबी खरीता, म्हणजे पत्र ठेवायची थैली. दरबारात थैलीचं नाव पत्राला लागलं. थोरामोठ्यांत पिशवीचं नाव आतल्या मजकुराला मिळतं. आपल्यात नसलेल्या मजकुराचं नाव पिशवीला मिळतं. वर्गभेद म्हणतात तो हा. २०१९ च्या जुलैमध्ये निर्मला सीतारामन यांनी ब्रीफकेस बाजूला ठेवून लाल कापडात गुंडाळलेलं बजेट आणलं तेव्हा सगळ्यांनी ते कापड पाहिलं. मला मात्र वाटलं, चला, निदान एकीने गाठोड्याला गाठोड्यासारखं धरलं.

ब्रीफकेसचा काळ आमच्या बापाच्या पिढीचा. कडक कवचाची, दोन कुलपांची, खटकन उघडणारी. तिला घरात ‘व्हीआयपी’ म्हणत, कंपनी कुठलीही असो. ज्याला बसमध्ये कुणी सरकून जागा देत नसे त्याच्या मांडीवर अतिमहत्त्वाची व्यक्ती बसलेली असे. ज्यांना ती परवडत नसे त्यांची रेक्झिनची. रेक्झिन खरं म्हणजे नकली चामडं बनवणाऱ्या विलायती कंपनीचं नाव, आणि तिचं गाव मँचेस्टरजवळचं हाइड. इंग्रजीत त्याच उच्चाराचा शब्द कातड्याला आहे. हे मी रचलेलं नाही. आणि व्हीआयपी काय, रेक्झिन काय, खटका दाबला की आत आडवा डबा.

या क्षेत्रातला खरा विद्वान स्टेशनबाहेर छत्री रोवून बसतो. तो चेन दुरुस्त करतो. त्याच्या पुढ्यात तेलकट डब्यात रनर, मेणाचा तुकडा, पक्कड आणि जाड सुई. त्याला सॅक, बॅग, लॅपटॉप यांतलं काही मान्य नाही. त्याचं वर्गीकरण दोनच प्रकारचं: ‘रनर गेलाय’ आणि ‘दात गेलेत’. रनर गेलेली वाचते, दात गेलेली नाही. माझी उलटीपालटी करून त्याने चेनवर बोट फिरवलं, नखात आलेलं पिवळं पीठ वास घेऊन पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, बेसन अडकतंय. डबा आडवा ठेवू नका.’ मी म्हटलं, ‘लॅपटॉपची आहे.’ तो काही बोलला नाही. मेण लावलं, वीस रुपये घेतले.

अपवाद नोंदवणं ही अभ्यासकाची जबाबदारी. मॉलच्या, सरकारी कार्यालयाच्या किंवा स्टेशनच्या दारात वर्दीतला माणूस काठीने बॅगेवर टकटक करून ‘काय आहे?’ विचारतो, तेव्हा पुरुष खरं बोलतो. ‘काही नाही, डबा आहे.’ या ‘काही नाही’वर वेगळा प्रबंध होईल. आत भरलेली वांगी आहेत, तीन पोळ्या आहेत, कुणीतरी पहाटे उठून केलेलं सगळं आहे, आणि उत्तर ‘काही नाही’.

हा संकोच नवा नाही. सुदामा द्वारकेला निघाला तेव्हा बायकोने पोहे फडक्यात बांधून दिले. पुरचुंडी हा त्यासाठीचा इतका नेमका शब्द आहे की तो जणू त्या पोह्यांसाठीच घडवला. आणि सुदाम्याने काय केलं? राजवाडा पाहिला नि ती काखेत लपवली. त्या काळी लॅपटॉप असता तर त्याने तेच सांगितलं असतं.

आता एक शेवटची नोंद, पुराव्यादाखल. गटारी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. म्हणजे श्रावण लागलेला. डब्यात नेहमीची गर्दी, छत्र्यांचं पाणी, काही कपाळांवर पहिल्या दिवसाचं ताजं गंध. कोपरखैरणे सुटलं आणि रॅकखाली बसलेल्या एका पांढऱ्या शर्टावर लाल थेंब पडला. मग दुसरा. तर्री होती. वास आला आणि सगळ्यांना कालची रात्र आठवली.

‘कुणाची बॅग हो?’

कुणाची नाही.

‘अहो, लॅपटॉप गळतोय कुणाचा तरी!’

सगळे वर बघू लागले. रॅकवर एकसारख्या आठ-दहा काळ्या. गंधवाल्यांनी ताबडतोब मान खाली घातली. दाराजवळचा एक म्हणाला, बेवारस असेल तर सांगायला पाहिजे, आणि त्याच्या शेजारचा म्हणाला, बेवारस कसली, वारसाने कांदा-खोबरं भाजून घातलंय. तुर्भे आलं, सानपाडा आलं. पांढरा शर्ट सरकून उभा राहिला, त्या जागेवर कुणी बसेना. वाशीला सगळे उतरले. मी फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. डबा पूर्ण रिकामा झाल्यावर उठलो आणि डबा काढून घेतला.