समजलं का?

खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायला आलेला माणूस बघत राहावा. तो बैलाकडे बघतच नाही. आधी आभाळाकडे बघतो, मग मालकाच्या वहाणांकडे, मग शेजारच्या, घ्यायच्याच नसलेल्या बैलाच्या शिंगांचं तोंडभर कौतुक करतो, आणि अगदी निघता निघता, काहीतरी विसरलेलं आठवावं तसा मागे फिरून जनावराचं तोंड उघडतो नि दात पाहतो. पुढचा सगळा व्यवहार उपरण्याखाली, बोटांनी. या विद्येचं पुस्तक नाही. बापाच्या मागं चार यात्रा हिंडलं की ती अंगात मुरते. वाळवा तालुक्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात, पंख्याच्या करकरीत बसलो असताना मला या विद्येची फार उणीव भासली. समोर तयार ऑनलाइन कोर्स विकणारा तरुण होता. पहिली ते आठवी, मराठी आणि सेमी, सगळे विषय. चित्रांसकट, गाण्यांसकट, चाचण्यांसकट. जनावर देखणं होतं, यात वादच नाही. पण याचे दात कुठं बघायचे?

झालं होतं असं की, पुण्यामुंबईत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना कुणाच्या तरी लग्नात एकाएकी शाळा आठवली, आणि वर्गणी काढून त्यांनी शाळेला भिंतभर स्मार्ट टीव्ही दिला. टीव्ही आला, त्याला हार घातला, नारळ फुटला, फोटो निघाला. मग लक्षात आलं की यावर दाखवायचं काय, हे ठरलेलंच नाही. म्हणून समिती. तिच्यात मुख्याध्यापिका बाई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, पालकांच्या वतीनं एक आशाताई, आणि गावचे जुने पैलवान आबा. आबा शाळेच्या प्रत्येक समितीत असतातच, कारण शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. माझी वर्णी लागली ती ‘तुम्ही लिहिता की’ एवढ्या भांडवलावर. लिहिणाऱ्याला सगळ्यातलं कळतं असा गावाचा भाबडा समज असतो, आणि तो आपण होऊन मोडावा इतका कुणी लेखक निःस्वार्थी नसतो.

कोर्स विकणारे पाहुणे येत राहिले. प्रत्येकाच्या लॅपटॉपात चष्मा लावलेली, हसरी, चित्रातली बाई होती. तिच्या आवाजात साखर कारखान्याचा गळीत हंगाम बाराही महिने चालू. तिचं गाव हिरवंगार, लाल कौलांचं. त्यात कुठंही चिखल नाही, गटार नाही, उसाच्या ट्रॉलीमागं धावणारं पोर नाही. गणितातल्या बागेत चोवीस सफरचंदाची झाडं. तासगावचा द्राक्षबागायतदार हाकेच्या अंतरावर असताना आमच्या पोरांनी काश्मीरचा हिशेब करायचा. डेमो बघायला चौथीतली चार पोरं बोलावली होती. पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय आली. “ही आहे गाय. ती आपल्याला दूध देते,” चित्रातली बाई म्हणाली. त्यावर एक पोरगा, कुणाला दुखवायचा काडीचा हेतू नसताना, शांतपणे म्हणाला, “एचएफ हाय. पर कास लहान हाय, सात-आठ लिटरच्या वर जायची न्हाई.”

दात बघायची विद्या त्याला येत होती. आम्हा मोठ्यांना मात्र रंग दिसत होते आणि सूट दिसत होती. एका पाहुण्यानं ‘एआय’ असा शब्द उच्चारला, तेव्हा अध्यक्षांनी घाईनं चहा सांगितला.

शेवटी आबाच म्हणाले, “ह्यो चालवून दाखवा की.”

“दाखवतोय की आबा.”

“तुमच्या लॅपटॉपात न्हाई. आमच्या वर्गात, आमच्या पोरांम्होरं, आमच्या लाइटीवर.”

आबांच्या या मागणीला इथं शंभर वर्षांची परंपरा आहे. किर्लोस्करवाडी आमच्यापासून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या त्या ओसाड माळावर कारखाना मांडला, पण त्यांचा लोखंडी नांगर त्याआधीपासून शेतकऱ्यांची समजूत काढत होता. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, असं लोक म्हणत. आज आपल्याला हसू येतं. पण ज्याची सारी इस्टेट म्हणजे तीन एकर माती, त्यानं परक्या धातूकडं संशयानं पाहिलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? पुढं हे नांगर खपवत गावोगाव हिंडणाऱ्यांत भाऊराव पाटील नावाचा एक धिप्पाड तरुण होता. मला नेहमी वाटतं, कर्मवीरांचं खरं बी.एड. त्या फिरतीत झालं असावं. नवी वस्तू पाहून माणूस आधी डोळे बारीक करतो, मग हात लावतो, मग ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणतो, हे ज्यानं बांधाबांधावर पाहिलं, त्यानंच मग 1919 साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह थाटलं. शिक्षण हा माल त्या काळी लोखंडी नांगराहून अवघड. त्या वसतिगृहात तयार असं काहीच मिळत नव्हतं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत, हे आधी घडवावं लागलं आणि मगच अभ्यास. त्या कोर्सची वर्गणीही माहीत आहे: धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं.

आणि बाहेरून तयार धडा वर्गात येणं, हे तरी कुठं आजचं आहे? सांगलीला आकाशवाणी आली 1963 मध्ये. तिच्यामागोमाग कितीतरी शाळांच्या ऑफिसात विणकामाचं झाकण पांघरलेला रेडिओ येऊन बसला. शालेय कार्यक्रम लागला की गुरुजी तो रेडिओ दोन्ही हातांनी, तान्ह्या युवराजाला दरबारात आणावं तसा वर्गात आणत. आतला आवाज शुद्ध, घरंदाज आणि कमालीचा घाईत असे. एक शब्द निसटला की निसटलाच. मग 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि शाळा दूरदर्शनवर दिसू लागली. गंमत अशी की ती लागायची तेव्हा आम्ही शाळेत तरी असायचो, नाहीतर शाळेच्या वाटेवर. आणि शाळेत टीव्ही नव्हता. त्यामुळं राज्यभरातल्या मुलांसाठी तळमळीनं केलेले ते कार्यक्रम पाहण्याचा मान मुख्यतः गोवर, कांजिण्या आणि गालगुंड झालेल्यांना मिळाला. कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून मी बाष्पीभवन शिकलो आहे, आणि आजही ढग पाहिले की मला किंचित कणकण वाटते. पुढं ती संस्था बंद पडली. तिच्या त्या शीर्षकधूनवर मात्र आमच्या पिढीचे पन्नाशीतले लोक लहान मुलासारखे माना डोलावतात.

आता तर धडा पुस्तकातच दडून येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी धड्यांना क्यूआर कोड चिकटवले. त्या कामाचा डंका 2020 च्या ग्लोबल टीचर प्राइजनं जगभर वाजला. 2017 मध्ये केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ आलं, आणि बालभारतीच्या पुस्तकांत ते काळेपांढरे चौकोन दिसू लागले. आमच्या शाळेतल्या एका दुसरीतल्या मुलीनं आपल्या पुस्तकातल्या अशा चौकोनातली पांढरी घरं पेन्सिलीनं नीट, एकही रेघ बाहेर न जाऊ देता, काळी करून टाकली होती. बाईंनी विचारलं तर म्हणाली, “छपाईवाल्यांचं अर्धंच झालं होतं.” फोन आता त्या चौकोनापुढं कितीही वेळ धरा, त्याला तो ओळखत नाही. बाईंनी पुस्तक जपून ठेवलं आहे.

आबांच्या हट्टापायी कोर्स एकदाचे वर्गात चालले. चौथीचा वर्ग, खिडकीला आडवी चादर, टीव्हीवर अपूर्णांक. चित्रातल्या बाईंनी पोळीचे चार भाग केले, एक भाग उचलला, आणि मान कलती करून विचारलं, “समजलं का मुलांनो?” मग तिनं उत्तरासाठी जागा सोडली. अडतीस पोरं मनापासून, एका सुरात ओरडली, “न्हाईऽऽ!”

“शाब्बास!” ती म्हणाली, आणि पुढच्या पोळीकडे वळली.

वर्ग इतका हसला की चादर सुटली. मला मात्र त्या बाईची दया आली. एवढ्या गोड आवाजात विचारते, थांबते, आणि तरी जगातलं कुठलंच उत्तर तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला बनवणारे लोक वाईट नसणार. त्यांच्या डोळ्यांसमोर एक मूल असणार, आणि ते मूल ‘हो’ म्हणणारं असणार. ओळखीच्या, खऱ्या मुलासाठी केलेल्या धड्याची गोष्ट निराळी. सलमान खान यांनी (नटानं नव्हे, अमेरिकेतल्या त्या गणिताच्या मास्तरांनी) 2004 मध्ये आपल्या नात्यातल्या नादिया नावाच्या मुलीला लांबून शिकवायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढं खान अकॅडमी उभी राहिली. मधल्या काळात त्यांनी धडे यूट्यूबवर टाकले, तर नात्यातली ती पोरं म्हणाली, तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओतच बरा वाटतोस. हे त्यांनीच एका भाषणात हसत हसत सांगितलंय. वरवर पाहता हा मास्तरकीचा केवढा अपमान! पण पोरांचं म्हणणं बरोबर होतं. व्हिडिओतला मास्तर न लाजता थांबवता येतो, मागं नेता येतो, आणि तो सुस्कारा टाकत नाही.

समितीची बैठक भरली तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, की यातला कुठला कोर्स चटकन थांबतो? पाहुणे चक्रावले. एकाचा कोर्स थांबवला की कुठल्याशा शिकवणीची जाहिरात येत होती. दुसऱ्याचा थांबायचा, पण पुन्हा सुरू करताना पहिल्यापासून ‘नमस्कार मुलांनो’ म्हणायचा. तिसरा नेट गेलं की आपोआप थांबायचा, आणि त्याला हवं तेव्हाच उठायचा. बाईंचा हा प्रश्न पुस्तकी नव्हता. आंतरजिल्हा बदलीनं इकडं येण्याआधी त्या जावळीत होत्या, कोयनेच्या पाण्यापलीकडं. तिथं रेंज म्हणजे एका विशिष्ट खडकावर चढून, तोंड महाबळेश्वराकडं करून मिळणारी वस्तू. रविवारी मेढ्याला बाजाराला गेल्या की धडे पेनड्राइव्हमध्ये भरून आणायच्या, मिरच्या-कोथिंबिरीच्या पिशवीत. त्यानंतरची वर्षं जतच्या पूर्व भागात. तिथं घरात कन्नड, पुस्तकात मराठी. “प्रत्येक वाक्यानंतर थांबवायचं, आणि मग पोरंच एकमेकांना सांगायची काय म्हणाली ते,” बाई म्हणाल्या. “चार मिनिटांचा व्हिडिओ तास खायचा. पण तो तास माझा असायचा.”

त्यावर आशाताईंनी मोहित्यांचं वडगाव काढलं. कडेगाव तालुक्यातल्या त्या गावात 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि दीड तास घराघरातले टीव्ही नि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. आम्ही इथं वर्गात पडदा आणायला बसलो होतो, आणि पलीकडं एक अख्खं गाव पडदा मिटवायला भोंगा वाजवत होतं. या दोन गोष्टींत कुणाला विसंगती दिसेल; आबांना दिसली नाही. “बरोबर हाय की. कुस्तीत डाव येऊन भागत न्हाई, सोडायचा कधी ते कळाय लागतंय,” ते म्हणाले, आणि ऑफिसात एकदम तालमीतल्या लाल मातीचा वास आल्यासारखं वाटलं.

ठराव झाला. तिसरा कोर्स घेतला, पण नेटवर विसंबून नाही. सगळे धडे हार्डडिस्कमध्ये भरून द्यायचे या अटीवर. तेवढं केलं की तो बाईंच्या बोटासरशी थांबत होता. कारणाच्या रकान्यात अध्यक्षांना ‘गुणवत्तापूर्ण व अद्ययावत’ असं लिहायचं होतं. बाईंनी ‘थांबतो’ एवढंच लिहायला लावलं. वीजबिल कोण भरणार हा विषय, अशा सगळ्या बैठकांतल्या रिवाजाप्रमाणं, पुढच्या बैठकीवर गेला.

नंतर एकदा असाच सांगलीहून परतताना शाळेत डोकावलो. पुन्हा अपूर्णांकच होते. “समजलं का मुलांनो?” असं तिनं विचारताच बाईंनी रिमोट दाबला. चित्रातली बाई तशीच थबकली; तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटत आलेला, हातात पाव पोळी. वर्गात मात्र झुंबड उडाली. एकाचं म्हणणं, पोळीचे चार भाग केले तर मोठा भाऊ मोठाच तुकडा घेणार, म्हणजे पाव नाहीच तो. दुसरीनं वहीचा कागद फाडून चार घड्या घातल्या आणि भावाला फसवायची युक्ती काढली: एकानं तोडायचं, दुसऱ्यानं आधी निवडायचं. बाई मधेच कुणाला तरी “मग आठ केले तर?” एवढं विचारून बाजूला होत होत्या. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. ताटल्यांचा खणखणाट करत वर्ग पडवीकडं पळाला. दारापर्यंत गेलेली एक मुलगी परत फिरली, तिनं पडद्याकडं बघितलं, आणि काळजीच्या सुरात म्हणाली, “बाई, तिला बी जेवायला सोडा की. मगापासनं पोळी हातातच हाय तिच्या.”