घडी होते नं, मग?

प्रति,
श्रीमान क्लिनरसाहेब,
सौसर-पांढुर्णा गाडी, मागचं दार.



पत्रास कारण की, गेल्या शनिवारी सौसरच्या स्टँडवर आपण आमच्या मायची खुर्ची मिटवलीत, टपावर भिरकावलीत आणि तिच्यावर संत्र्यांचे क्रेट रचलेत. हे सगळं गाडी सुटायच्या आधी, ड्रायव्हरचा हॉर्न वाजत असताना, एका हातानं गुटख्याची पुडी फाडत. आपल्या चपळाईची तारीफ करावी म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. खासगीत लिहिलं असतं, पण गाडी इतक्या लोकांची आहे, तारीफही चारचौघांत झालेली बरी.

मी कोण, ते आठवावं म्हणून सांगतो. खाली उभं राहून "हळू, हळू" करत होता तो पांढऱ्या टोपीचा माणूस मी. आपण मला एकच प्रश्न विचारला होता.

"घडी होते नं इची?"

"होते."

"मंग? जाऊ द्या वरतं."

या "मंग"मध्ये आपलं सगळं शास्त्र आलं. ज्याची घडी होते ते सामान. ताडपत्री सामान, बाज सामान, वरातीची कनात सामान. मायची खुर्चीही मिटते, म्हणजे तीही सामान. आणि सामान आलं की लगेज आलं. त्या खुर्चीचे आपण माझ्याकडून पन्नास रुपये घेतलेत. तिकीट मागितलं तर म्हणालात, लगेजचं तिकीट नसते काकाजी. गाडीत काचेवर लिहिलेलंच आहे, ‘यात्री अपने सामान की रक्षा स्वयं करें’. म्हणजे लकवा झालेल्या बाईनं आपल्या खुर्चीची रक्षा स्वतः टपावर चढून करायची. आधी पन्नास रुपये देऊन.

बाकीच्या तक्रारी मी एका दमात संपवतो, कारण त्यांचा मला राग येईनासा झाला आहे. गाडी फलाटाला न लावता रस्त्याच्या मधोमध उभी करता. पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्याही वर. ‘विकलांग’ लिहिलेल्या सीटवर कंडक्टरचा साळा आणि त्याची बॅग. त्या दिवशी शनिवार, जामसावळीच्या दर्शनाची गर्दी. तिथला हनुमान आडवा पहुडलेला आहे आणि त्याला कुणी जागचं हलवत नाही. देव असण्याचे हे फायदे. गाणी मोठ्यानं लावता. लावा.

पण ती घडी!

साहेब, आपण खुर्ची मिटवलीत कशी, ते आपल्याला आठवतं का? पायदानं खाली पडलेली, बैठकीवर गादी तशीच आणि आपण दोन्ही बाजूंचे हात धरून आत दाबत होता. ती मिटेना. कशी मिटेल? मधल्या गादीचा गोळा होतो आणि खाली दोन पायदानं एकमेकांना भिडतात. मग आपण गुडघा लावलात. तरी मिटेना, तेव्हा लाथ. शेवटी ती मिटली. लोखंडाला लाज असते.

आपल्यासारख्या अनुभवी माणसाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण ती खुर्ची लहान पोरालाही मिटवता येते. सपाट जागी उभी करायची, ब्रेक लावायचे. गादी काढून बगलेत घ्यायची. दोन्ही पायदानं वर उलटायची. मग बैठकीचं रेक्झिन मधोमध, एक हात पुढच्या कडेला आणि एक मागच्या कडेला, असं धरून सरळ वर उचलायचं. झालं. खालची कैची आपोआप उभी होते आणि दोन्ही चाकं जवळ येतात. ताकद लागत नाही. ताकद लावावी लागते आहे असं वाटलं, तर काहीतरी अडकलेलं आहे असं समजून थांबायचं असतं. हे थांबणंच आपल्या धंद्यात बसत नाही, ते मला कळतं.

उचलायची तर चौकटीच्या नळीला धरून. आपण धरलंत खुर्चीच्या हाताला. आमच्या खुर्चीचे हात खटका दाबला की निघतात, म्हाताऱ्या माणसाला बाजूनं पलंगावर सरकता यावं म्हणून. शिडीच्या चौथ्या पायरीवर तो हात निघून आपल्या मुठीत राहिला आणि बाकीची खुर्ची, पंधरा-वीस किलो लोखंड, खाली उभ्या असलेल्या केळीवालीच्या टोपलीशेजारी आली. एक वीत इकडे आली असती तर हे पत्र मी आपल्याला नव्हे, ठाण्यात लिहिलं असतं. आणि आपण वरून काय म्हणालात? "खुर्ची ढिल्ली हाय काकाजी तुमची."

आता थोडी जुनी गोष्ट ऐका. रस्ता लांब आहे, आपल्याला वेळ असतो.

हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचा एक अमेरिकन खाण-अभियंता होता. १९१८ मध्ये खाणीतल्या अपघातात त्याची पाठ मोडली, कमरेखालचं अंग गेलं. आपल्या सौसरच्या नावानं भूगर्भशास्त्रात खडकांचा एक अख्खा गट ओळखला जातो, त्यात मँगनीज आहे आणि त्यासाठी खाणी आहेत. तेव्हा खाणीत पाठ मोडणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला फोड करून सांगावं लागू नये. त्या काळच्या चाकाच्या खुर्च्या अवजड, न मिटणाऱ्या. मोटारीत जायच्या नाहीत. माणूस गावाला गेला की खुर्ची घरी, आणि पोचला तिथं तो नुसता पडून. हॅरी जेनिंग्स हा त्याचा यंत्रं जाणणारा मित्र. दोघांनी मिळून १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, मधोमध कैचीची, मिटणारी खुर्ची बनवली. १९३७ मध्ये तिचं पेटंट झालं. आमच्या मायच्या खुर्चीखाली आज जी कैची आहे, ती त्याच कल्पनेची. इतकी वर्षं कुणाला त्यात फारसं बदलावंसं वाटलं नाही, इतकी ती सोपी आणि शहाणी आहे.

ती घडी कशासाठी होती, ध्यानात आलं का? खुर्ची माणसासोबत मोटारीत, त्याच्या हाताशी राहावी म्हणून. उतरलं की उघडायची आणि बसायचं. घडीचा जन्म टप चुकवण्यासाठी झाला हो! आणि आपण तीच घडी दाखवून तिला टपावर पाठवता.

बरं, टपावर गेली तर गेली. तिच्यावर काही ठेवायचं नसतं. उभी बांधायची, किंवा आडवी ठेवली तर वर वजन द्यायचं नाही, कारण मिटलेल्या खुर्चीची कैची एका बोल्टवर तोललेली असते. आपण तिच्यावर संत्री चढवलीत. मग दोर आवळायला स्वतः क्रेटवर उभे राहिलात. मागची डिकी? ती पार्सलांनी भरलेली होती. पार्सलाला कुणी लाथ मारलेली मी पाहिली नाही; त्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं.

पांढुर्ण्याला खुर्ची खाली आली. मी उघडायला घेतली. उघडताना ती आपल्याकडे किंचित कलवायची, तळहात बैठकीच्या कडेच्या नळ्यांवर ठेवून खाली दाबायचं आणि बोटं आतल्या बाजूला, रेक्झिनवर ठेवायची. नळीखाली वळवली तर नळी आणि चौकट यांच्यामध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखी सापडतात. मदतीला धावलेल्या एका भल्या रिक्षावाल्याचं बोट तसंच सापडलं. पण त्याचा दोष काय? कैचीची एक नळी वाकलेली होती. नळी वाकली की बैठकीची कड आपल्या खाचेत बसत नाही. खुर्ची उघडल्यासारखी दिसते आणि पुरती उघडलेली नसते. पुढचं एक चाक जमिनीला टेकत नाही. अशा खुर्चीवर माणूस बसवला तर ती त्याच्यासकट मिटू शकते.

मायला ते कळलं नाही. ती म्हणाली, "बसव नं मले, काहून उभा हायेस?"

नाही बसवू शकलो, साहेब. ऐंशीच्या पुढची बाई, उजवं अंग गेलेलं, ती स्टँडवरच्या सिमेंटच्या ओट्यावर बसली. दोन्ही बाजूंना तिला टेकू देऊन दोन अनोळखी बाया. तिला लघवीला जायचं होतं. हे मी या पत्रात लिहू नये असं घरचे म्हणतात. मी लिहितो. आपण ज्याला लगेज म्हणता, त्याच्यावाचून एक बाई भर बाजारात काय काय गमावते, हे आपल्याला, आपल्या मालकाला आणि त्या साळ्याला कळलं पाहिजे! पन्नास रुपये घेऊन तिचे पाय मोडलेत तुम्ही. दुसऱ्यांदा मोडले. पहिल्यांदा लकव्यानं मोडले तेव्हा निदान कुणी भाडं घेतलं नव्हतं.

असो. पाणी प्यायलो.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आपल्या बाजूनं अजिबात नाही, पण आपल्याला त्रासही देत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा बस, स्टँड, तिकीटघर या सगळ्याचं नाव घेऊन बोलतो. मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव जागा, कुबड्या-काठ्या बांधायची सोय, व्हीलचेअर आत घेण्याची, ठेवण्याची आणि जखडण्याची सोय, असं बरंच आलं. आपल्या गाडीत यातलं काय आहे? ‘विकलांग’ हा शब्द आहे, तेलरंगात. आपल्याकडच्या सरकारी बस महामंडळाची तर सरकारनंच २००५ मध्ये घडी केली. २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं सुगम परिवहन सेवा मंजूर केली आहे. सुगम! सौसरच्या स्टँडवर उभं राहून हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा.

आणि गाव कुठलं, तर आपलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंडा रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड घालतात. दरवर्षी माणसं फुटतात, काही तर जिवानिशी गेली आहेत. त्या दिवशी प्रशासन डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स नदीकाठी उभं करतं. म्हणजे हातपाय मोडणार हे गृहीत धरलेलं असतं. मोडल्यावर त्या माणसानं सौसरला बहिणीकडे कसं जायचं, याचा विचार करायला वर्षाचे उरलेले दिवस पडलेले असतात आणि तो कुणी करत नाही. २०२३ मध्ये आपण जिल्हा झालो. आता सौसरचा माणूस कामाला छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्याला येतो. चालता येत असेल तर.

आता एक गोष्ट लिहिणं भाग आहे आणि तिनं माझ्या रागाची पंचाईत होते.

सौसरला, खुर्ची वर फेकण्याच्या दोनच मिनिटं आधी, आपण मायला गाडीत चढवलंत. मी आणि भाचा दोघं मिळून खटपट करत होतो, तेव्हा आपण आम्हाला बाजूला केलंत. पुडी खिशात टाकलीत, हात पँटला पुसलेत. खाली वाकून म्हणालात, "आजी, माह्या मानीले धरा. पडू देत नाई." तिचं लुळं पडलेलं अंग आपल्या छातीकडे घेतलंत, डोकं दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून आपला तळहात मध्ये घातलात आणि त्या गुडघाभर पायऱ्या एका दमात चढलात. पदर सरकला होता, तो सारखा केलात. कंडक्टरच्या साळ्याला आपणच उठवलंत. मायनं आपल्या गालावरून हात फिरवला. डावा, जो चालतो तो.

हेच हात. दोन मिनिटांनी याच हातांनी...

पांढुर्ण्याला मी आपल्यावर ओरडलो, तेव्हा आपण एवढंच म्हणालात, "मले कोनं सांगतलं जी, कसं धराचं ते?"

कुणीच नाही सांगितलं, हे खरं. मालकानं सांगितलं असेल की डिकी पार्सलाला, टप सामानाला, आणि थांबलास तर रोजी कापीन. खुर्ची विकणाऱ्या नागपूरच्या दुकानदारानं एक चिठोरं दिलं होतं, बारीक इंग्रजीत. त्यातल्या चित्रातला माणूस हसत हसत खुर्ची मिटवतो. आपलं वय किती असेल, एकोणीस? हेल्परचा हेल्पर. अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, ते मी पैसे देताना पाहिलं. कशात सापडलं, विचारायचं राहून गेलं. माणूस कसा उचलायचा हेही आपल्याला कुणी सांगितलं नसणार, ते आपल्याला येतं. खुर्ची हीसुद्धा त्या माणसाचाच एक भाग आहे, एवढं कुणी सांगायला हवं होतं. ते आता मी सांगितलं.

लगेजचे पन्नास रुपये मात्र मालकाकडून परत घेऊन ठेवा. ते मी सोडणार नाही. वेल्डिंगवाल्यानं नळी सरळ करून दिली आणि वर सांगितलं, एकदा वाकलेली नळी पुन्हा त्याच जागी वाकते. नवी कैची नागपूरहून मागवावी लागेल. तिची पावती काचेवरच्या त्या सूचनेशेजारी चिकटवीन म्हणतो.

येत्या मंगळवारी मायला परत सौसरला न्यायचं आहे. गाडी आपलीच, कारण त्या वेळेला दुसरी नाही. ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला खुर्ची उभी बांधता येते, मी मापून पाहिलं आहे. मिटल्यावर ती जेमतेम फूटभर जागा घेते आणि कुणाच्या पायात येत नाही. पट्टा मी शिवून घेतला आहे. गादी मी काढीन, पायदानं मी उचलीन, घडी मी घालीन. आपण बघा, शिकून घ्या वाटलं तर.

मायला आपण उचला. ती विचारत होती, तो पोरगा असेन नं गाडीवर?

आपला,
सामानाचा मालक