गावचा मेजर: जीवनक्रम आणि सवयी

युसूफ वडगाव काय किंवा केज तालुक्यातले दुसरे कुठले गाव काय, फौजेतून सुटून आलेला माणूस तिथे मेजरच असतो. तो शिपाई म्हणून सुटला की हवालदार म्हणून, याच्याशी गावाला कर्तव्य नसते. गाव त्याला परस्पर बढती देऊन टाकते आणि ती मरेपर्यंत काढून घेत नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या तावडीतून सुटला. त्यानंतरच्या पिढीतली पोरे भरतीला जाऊ लागली, तेव्हा कारण बहुतेक घरी एकच होते: कोरडवाहू रान आणि खाणारी तोंडे. कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत गेले, कुणी सागरला महार रेजिमेंटमध्ये. आज नव्वदीला टेकलेला मेजर ६२, ६५ आणि ७१ अशी तिन्ही युद्धे एकाच श्वासात सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला चिनी सैन्य लाहोरच्या वाटेवर भेटते.

शिपायाला पेन्शन मिळायला १५ वर्षांची नोकरी पुरते. विशीत भरती झालेला गडी पस्तिशी-छत्तिशीत काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरतो आणि पुढे पन्नास-पंचावन्न वर्षे जगतो. सरकारच्या हिशेबात इतका तोट्याचा माणूस दुसरा नसेल. गावच्या हिशेबात मात्र मेजरची खरी नोकरी एसटीतून उतरल्यावरच सुरू होते.

नोकरीच्या काळातही त्याचा जीव रानातच असे. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, पण पाऊस रजेचा तक्ता पाहून पडत नाही. त्यावर तार हा उपाय होता. मृगाच्या तोंडावर गावोगावच्या आया एकदम अत्यवस्थ होत, ‘ताबडतोब निघा’ अशा तारा सुटत आणि पेरणी आटोपली की त्याच आया खडखडीत बऱ्या होऊन भाकरी थापायला बसत. साहेबाला हे कळत नसे असे नाही, पण त्याचीही आई कुठल्या तरी खेड्यातच असे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. देशातल्या कित्येक आयांची तब्येत तिने सांभाळली, ही नोंद मात्र कुठल्या दप्तरात सापडायची नाही.

मेजरची ट्रंक पाहण्यासारखी असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आत डांबराच्या गोळ्या, हिरवी जर्सी, टवके उडालेला इनॅमलचा मग, प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक आणि रुमालात बांधलेली पदके. त्यातले ६५ च्या लढाईचे समर सेवा स्टार तो बोटाने पुसून दाखवतो. शेजारचे पदक स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे. १५ ऑगस्ट १९७२ ला जो नोकरीत होता त्या प्रत्येकाला ते मिळाले. नातवंडांना हेच सगळ्यात मोठे वाटते आणि मेजर त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

घराला स्लॅब पडला तरी मेजर घरात झोपत नाही. त्याची बाज आखाड्यावर, लिंबाखाली. पहाटे साडेचारला उठून तो बांधाबांधाने फिरतो. वाटेत कुणी ‘मेजर, कुठं चाललाव?’ विचारले की ‘गस्त’ एवढेच उत्तर येते. रात्री रानडुकरे कुठून शिरली, तितराने अंडी कुठे घातली, मोर कुणाच्या तुरीत नाचून गेला, सगळा अहवाल दिवस उगवायच्या आत तयार असतो. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, पण मोरांना तालुक्याची हद्द कुणी समजावून सांगितलेली नाही. शिकारीचे किस्से हा मेजरचा राखीव साठा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असल्याने त्याच्या सगळ्या शिकारी ७१ च्या आत, सुट्टीवर आल्यावेळच्या आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडते.

कुटुंबावर त्याचे प्रेम असते, ते फक्त कवायतीच्या भाषेत बाहेर पडते. नातवंडांना थंड पाण्याने आंघोळ, चपला एका रेषेत, जेवायला बसायची वेळ सव्वासात म्हणजे सव्वासात. लग्नाला तो मुहूर्तावर पोचतो, त्यामुळे मांडवात मंडपवाला आणि तो असे दोघेच असतात. मुलगा ऐकतो, सून ऐकल्यासारखे करते. बायको मात्र त्याच्या हुकमतीत कधीच येत नाही. तिने त्याच्यामागे पंधरा वर्षे पोरे, बैल आणि भावकी सांभाळली, ७२ च्या दुष्काळात खडी फोडली, मनीऑर्डर पुरवून पुरवून वापरली. परत आलेल्या जवानाला तिने घरात रुजू करून घेतले, कमान काही सोडली नाही.

कँटीनला जायच्या दिवशी मेजरचे नातेवाईक वाढतात. त्यातले बरेच साबणासाठी आलेले नसतात.

पेन्शनवर वयाची वाढ असते: ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शन दुप्पट. त्यामुळे एकोणऐंशीव्या वर्षीच्या खोकल्याला हळद-दूध पुरते, ऐंशीनंतरच्या खोकल्याला गाडी करून अंबाजोगाईला नेतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. खुरपे आणि नांगर धरून बोटांचे ठसे झिजलेले, यंत्र ते घेत नाही. मेजर मोठ्या आवाजात आपण हयात असल्याचे सांगतो, रांगेतले सगळे साक्षीला तयार असतात, पण यंत्राला पटावे लागते.

२०२२ पासून अग्निवीर चार वर्षांसाठी घेतात आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. पस्तिशीत पेन्शन घेऊन गावात अर्धे शतक कवायत चालवणारा मेजर यापुढे कमीच दिसेल.

तेव्हा ज्यांच्या घरी असा मेजर आहे त्यांनी एक काम तातडीने करावे. त्याच्या माघारी बायकोला कुटुंब पेन्शन मिळते, पण डिस्चार्ज बुकात तिचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, असा घोळ पुष्कळ घरांत असतो. मेजर नसताना तो निस्तरायला तिला वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी हेलपाटे घालावे लागतात. ट्रंक उघडा, दोन्ही कागद शेजारी धरून ताडून पाहा, फरक असला तर कागदपत्रे घेऊन बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सकाळी लवकर निघा, मेजर साडेचारपासून तयारच आहेत.