उजेड असेल तर बघू

हल्लीच्या यंत्रांना नाही म्हणता येत नाही. फोन अंधाऱ्या जिन्यात धरा, अर्धवट संपलेल्या ताटावर धरा, झोपलेल्या माणसाच्या उघड्या तोंडावर धरा, तो फोटो काढतोच. उजेड कमी पडला तर पदरचा घालतो. अमावास्येला गच्चीवरून काढलेल्या फोटोतही आभाळ निळंशार येतं, आणि आपण त्याचं कौतुक करून तो फोटो चार गटांत पाठवतो. अशा होयबांच्या राज्यात माझ्याकडे एक कॅमेरा आहे, तो तोंडावर नकार देतो.

ऑलिंपस पेन ईई-३. हे मॉडेल १९७३ साली बाजारात आलं. तळहातावर मावतो, पण वजनावरून कळतं की आत प्लॅस्टिकपेक्षा धातू जास्त आहे. भिंगाभोवती बारीक फुगीर ठिपक्यांचं एक पारदर्शक कडं आहे. त्याच्यामागे सेलेनियम असतं. त्यावर उजेड पडला की थोडीशी वीज तयार होते, तेवढ्यावर कॅमेऱ्याचा सगळा प्रपंच चालतो. बॅटरी लागत नाही. उजेड पुरेसा असला तर बटण दाबल्यावर हलकासा 'टिक' होतो आणि फोटो निघतो. नसला तर व्ह्यूफाइंडरमध्ये खालून एक लाल पट्टी वर येते आणि बटण जागच्या जागी अडतं. पोस्टाच्या खिडकीत आतून 'काउंटर बंद'ची पाटी सरकावी, तसा हा प्रकार. कारण विचारायची सोय नाही. एक मात्र खरं, की या नकारात रोल वाया जात नाही.

कॅमेरा मूळचा मामांचा. ते मर्चंट नेव्हीत होते, त्यामुळे सत्तरच्या दशकात आमच्या घराण्यात 'फॉरेनचा कॅमेरा' आला. तेव्हा शेजारपाजारी फार तर आग्फाचा क्लिक थ्री असायचा. त्याच्या रोलमध्ये बारा फोटो बसायचे, म्हणजे एका फोटोसाठी सगळं घर आंघोळ करून, भांग पाडून उभं राहायचं. मामांच्या कॅमेऱ्याचा हिशेब वेगळा होता. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर तो अर्ध्या आकाराची चौकट घ्यायचा, २४ बाय १८ मिलिमीटरची. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो. एकाच्या पैशात दोन, हे मामींना एवढं पटलं होतं की मामांच्या सगळ्या परदेशी खरेदीत तेवढ्या एका वस्तूबद्दल त्यांनी कधी टोमणा मारला नाही.

बहात्तर फोटोंची अडचण अशी की ते संपत नाहीत. गणपतीत घातलेला रोल होळीपर्यंत कॅमेऱ्यातच. मधल्या काळात घरात कोण आलं, कोण गेलं, कोणाशी बोलणं बंद झालं, हे सगळं एकाच फिल्मवर. शिवाय दोन चौकटी शेजारी शेजारी, आणि फोटोवाल्यानं एकदा त्या जोडीजोडीनंच छापून दिल्या. डावीकडे बारशाच्या पाळण्यातलं बाळ आणि उजवीकडे माथेरानचं माकड, असा एक जोडफोटो आमच्या अल्बममध्ये आहे. त्या बाळाच्या आईनं पुढे कितीतरी दिवस मामांना चहा विचारला नाही.

दुसरी गंमत अशी, की हा कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो. आडवा फोटो हवा तर कॅमेरा उभा करायचा. मामा जहाजावर शिस्तीत वाढलेले, ते कॅमेरा नेहमी सरळच धरत. त्यामुळे एकटा माणूस पायाच्या नखापासून झकास येई, आणि एकत्र कुटुंबाच्या फोटोत दोन्ही टोकांचे जावई अर्धेच राहत. ज्यांचे अर्धे राहिले त्यांना तो अपमान वाटला. ज्यांचे पुरे आले त्यांना वाटलं, मामांनी मुद्दामच तसं केलं.

अशा काटकसरीच्या वस्तूमागे कोणी चिक्कू माणूस असेल असं वाटतं, पण तसं नव्हतं. योशिहिसा मैतानी हा ऑलिंपसचा तरुण डिझायनर स्वतः महागडा लायका कॅमेरा वापरणारा. सहा हजार येनांत विकता येईल असा कॅमेरा त्याला करायचा होता, पण भिंगात तडजोड करायची नव्हती. त्यानं आधी भिंगावर मनासारखा खर्च केला आणि उरलेल्या पैशांत बाकीचा कॅमेरा कसा बसवायचा याचा विचार केला. १९५९ साली पहिला पेन आला आणि १९६१ साली उजेड स्वतः मोजणारा पेन ईई. आपल्याकडे लग्नात आधी हॉल, मग जेवण, आणि शेवटी उरलेल्या पैशांत सनईवाला बसवतात. मैतानीनं सनईवाला आधी ठरवला. म्हणून अर्ध्या चौकटीतलाही फोटो आज मोठा करून बघितला तर मामींच्या साडीचे काठ मोजता येतात.

मामा निवृत्त झाले आणि कॅमेरा कपाटात गेला. पुढे कधीतरी एका संध्याकाळी त्यांनी तो बाहेर काढला, दिवाणखान्यात नातवावर रोखला, आणि लाल पट्टी वर आली. मामांनी निदान केलं, 'अडकलाय.' आपल्या घरात अडकलेल्या वस्तूवर उपाय ठरलेला असतो. दाराची बिजागरी असो, पंखा असो, सायकलची चेन असो, शिलाई मशीनचं तेल आणायचं. मामांनी भिंगाच्या कडेनं दोन थेंब सोडले. लाल पट्टी तरीही गेली नाहीच, कारण दिवाणखान्यात तेव्हाही उजेड नव्हता. नकार देणारा धडधाकट कॅमेरा त्या दिवसापासून मात्र खरोखर आजारी पडला.

तो माझ्याकडे आल्यावर मी मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात नेला. तिथे अजून काही दुकानांतून जुने कॅमेरे उघडणारे हात आहेत. कारागिरानं डोळ्याला भिंग लावलं, कॅमेरा पुढून बघितला आणि विचारलं,

"तेल कोणी घातलं साहेब?"

"मामांनी."

"सगळ्यांच्या मामांनीच घातलेलं असतं."

मग त्यांनी समजावलं. भिंगाच्या आत पोलादाची पातळ पाती असतात, ती उजेडाप्रमाणे कमीजास्त उघडतात. ती कोरडी चालायची असतात. तेल गेलं की एकमेकांना चिकटतात आणि मग भर उन्हात आणि सावलीत एकाच मापानं वागतात. त्यांनी स्क्रू काढायला घेतला तोही साधा नव्हता. जपानी स्क्रूच्या चौफुलीची खाच वेगळ्या मापाची असते, आपला नेहमीचा पेचकस लावला की डोकं झिजून गुळगुळीत होतं आणि मग तो स्क्रू जन्मात निघत नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की घरी जाऊन पेचकस हातात घ्यायचा विचार मी तिथेच सोडला.

वरचं टोपण निघाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आत केसाएवढी एक सुई होती. त्यांनी टेबलावरचा दिवा भिंगाजवळ आणला तशी सुई सरकली, दिवा लांब नेला तशी ती मागे गेली. "आता बघा," म्हणून त्यांनी बटण अर्धं दाबलं. एक पायऱ्यापायऱ्यांचा छोटा जबडा वर आला आणि त्यानं सुई होती तिथे चिमटीत धरली. ज्या पायरीवर सुई सापडते, तेवढी पाती उघडतात. सुई अगदी तळाशी असली तर लाल पट्टी. बस्स, एवढाच कारभार. ना चिप, ना कसलं गणित, आणि तरी पन्नास वर्षं तो उजेडाचा हिशेब चुकवत नाही. लायटरचं पेट्रोल आणि कापसाच्या काड्या घेऊन त्यांनी पाती पुसली, पुन्हा पुसली, आणि ती सुटी झाली. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम डांबरासारखा चिकट झाला होता. तो खरवडून काढून तिथे काळ्या लोकरीचा धागा बसवला, म्हणजे झाकणाच्या फटीतून उजेड आत येऊन फिल्मवर रेघा पाडणार नाही.

निघताना त्यांनी एक परीक्षा सांगितली. असा कॅमेरा कुठे विकत घ्यायचा झाला, पुण्याच्या जुन्या बाजारात म्हणा, तर भिंगावर तळहात ठेवायचा आणि बटण दाबायचं. लाल पट्टी आली, बटण अडलं, आणि हात काढल्यावर उजेडात ते दबलं, तर डोळा शाबूत आहे असं समजायचं. काळोखातही गुमान फोटो काढला, तर काहीतरी बिनसलंय, तो परत ठेवायचा. बाकी सगळ्या जुन्या वस्तू चालतात ना हे बघून घेतात. ही एकच, जी चालत नाही ना हे बघून घ्यायची.

आता मी तो वापरतो तेव्हा लक्षात येतं, की माझ्या घरात उजेड फार थोडा आहे. भिंगाची पाती सताड उघडी टाकून तो एक चाळिसांश सेकंदाचा फोटो घेतो. त्यापेक्षा हळू त्याला येत नाही. त्यामुळे रात्रीच्या ट्यूबलाइटला चारशेचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा, रोल घातला तरी लाल पट्टी. मग माणसांना उठवावं लागतं. "काकू, जरा गॅलरीत या." काकू कुरकुरत येतात, दाराच्या चौकटीला टेकतात, बाजूनं ऊन येतं आणि बटण दबतं. पाच पावलं चालायला लावल्याबद्दल काकू मला बोलतात, पण तो फोटो त्यांनी फ्रेम करून घेतलाय. कॅमेऱ्यानं नाही म्हटलं नसतं, तर तो सोफ्यावर, टीव्हीच्या निळ्या उजेडात, उशी मांडीवर घेऊन निघाला असता.

रोल हल्ली हजाराच्या घरात गेलाय, त्यामुळे अर्ध्या चौकटीचे दिवस पुन्हा आलेत. २०२४ साली पेंटॅक्सनं १७ नावाचा नवाकोरा हाफ-फ्रेम कॅमेरा काढला. मामींना कळलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती.

सेलेनियमचं आयुष्य मात्र कायमचं नाही. दमट हवेत ते हळूहळू कमजोर होतं. सुई आळसावते, आणि कॅमेरा हळूहळू भर दुपारीही नाही म्हणू लागतो. त्याची सोय मैतानीच्या माणसांनी करून ठेवलीय. भिंगावरचं फिरवायचं कडं 'ए', म्हणजे ऑटोवरून काढून पात्यांच्या मापाच्या एखाद्या आकड्यावर ठेवलं की लाल पट्टीचा संबंध संपतो, आणि शटर एक चाळिसांश सेकंदावर मुकाट्यानं चालतं. शंभरचा रोल, लख्ख ऊन आणि बावीसचा आकडा, एवढं जमलं तर फोटो उत्तम येतो. मग नाही म्हणायचं काम आपल्या अंगावर येणार. तसा नकार देण्यात आपला हात कोणी धरणार नाही. फक्त आजवर आपण तो उजेड न बघताच देत आलो, तेवढी सवय बदलायला हवी.