ती मान आणि तो मान

परवा सकाळी उठलो तर मान धरलेली. उजवीकडे वळेना, डावीकडे वळेना. वर-खाली तेवढी हलत होती, तीही मोजूनमापून. म्हणजे देवाने माझा नकार जप्त केला होता आणि होकार तेवढा शिल्लक ठेवला होता. ही गोष्ट बायकोच्या लक्षात यायला एक चहा पुरला.

"दादाला शुक्रवारी जेवायला बोलवू ना?" मान खाली-वर. "पडदे बदलायचेत ना?" मान खाली-वर. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं एकमत आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

भाची लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीला आमच्याकडे राहुरीला आली होती. तिने माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि जाहीर केलं, "मामा, तुमचं 'हो' चालू आहे, 'नाही' बंद पडलंय. म्हणजे अ‍ॅटलास शाबूत आहे. घोटाळा खालच्या मजल्यावर."

पहिल्या वर्षाच्या मुलांना निदान फार लवकर सापडतं. पण त्या निमित्ताने मला माझ्या मानेची ओळख झाली. मानेत सात मणके. जिराफाच्या मानेतही सातच! फरक लांबीचा, संख्येचा नाही. पहिला मणका अ‍ॅटलास. आपल्याकडे शेषाने पृथ्वी तोलली तशी ग्रीकांच्या अ‍ॅटलासने आकाश तोललं, म्हणून हे नाव. कवटी त्याच्यावर वर-खाली झुलते, तो आपला होकार. दुसऱ्या मणक्याला वर आलेला एक खुंट असतो. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरावा, तसा अ‍ॅटलास कवटीला घेऊन त्या खुंटाभोवती फिरतो, तो आपला नकार. मान वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एका सांध्यात. आणि होही नाही, नाहीही नाही, असं जे आपण डोलावतो, त्याला सगळे मणके कामाला लागत असावेत. आमच्याकडची निम्मी लग्नं त्याच डोलावण्यावर ठरली आहेत.

भाचीच्या हातात चौरसियांचा शरीररचनेचा जाडजूड ग्रंथ होता. पोरं त्याला लाडाने 'बीडीसी' म्हणतात. जुन्या आवृत्तीत डोकं, मान आणि मेंदू तिघं तिसऱ्या खंडात एकत्र नांदत असत. नव्या आवृत्तीत मेंदूने चौथा खंड काढून वेगळी चूल मांडली. शिकलासवरला की माणूस वेगळा निघतो, तसंच हे. मान बिचारी डोक्याबरोबर जुन्याच घरात.

खरं तर तिचा हिशोब पाहिला तर घर तिच्यावरच उभं आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, साधारण तेवढंच माणशी डोकं. त्यातला मेंदू जेमतेम १.४ किलोचा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण शरीराच्या प्राणवायूतला वीसेक टक्के तो एकटा खातो. घरातला न कमावणारा पण दुधाची साय खाणारा धाकटा मुलगा म्हणा ना! त्याचा डबा पोचवायचं काम मानेचं. चार धमन्या तिच्यातून वर जातात. त्यातल्या दोन तर मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून, सुईत दोरा ओवावा तशा. हा पुरवठा दहा सेकंद थांबला तरी माणूस बेशुद्ध.

आणि मोबाइल? २०१४ साली न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या सर्जनांनी गणित मांडलं, की डोकं साठ अंशांत पुढे झुकवलं की मानेवर सत्तावीस किलोंचा भार येतो. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. सत्तावीस किलो म्हणजे साखरेचं निम्म्याहून जास्त पोतं. नातेवाइकांच्या 'शुभ सकाळ'ची फुलं पाहत मी रोज सकाळी हमाली करत होतो तर!

मानेचं महत्त्व खरं म्हणजे आम्हा राहुरीकरांना आधी कळायला हवं होतं. कारण आमचं गावच मुळी मान तुटल्यामुळे वसलं. समुद्रमंथनानंतर मोहिनीने अमृत वाटलं ते नेवाशाला, असं आमच्याकडे सांगतात. मोहिनीराजाचं सुबक देऊळ तिथे आहे. पंगतीत राहू वेष पालटून बसला, सूर्य-चंद्रांनी चुगली केली आणि अमृत गळ्यापर्यंत येतंय तोच विष्णूने चक्र सोडलं. शिर पडलं ती राहुरी, काया पडली ते गोदावरीकाठचं कायगाव. डोक्याला गाव मिळालं, धडाला गाव मिळालं. मान कुठे पडली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

भाचीला प्रश्न वेगळाच पडला. "अमृत गळ्यापर्यंत आलं होतं म्हणजे नेमकं कुठवर, मामा? हायॉइडच्या वर की खाली?" हायॉइड हे गळ्यातलं घोड्याच्या नालेसारखं छोटं हाड. दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. नुसतं स्नायूंच्या आणि अस्थिबंधांच्या आधाराने लटकलेलं, भाडेकरू जसा. त्याच्या आसपासच अन्नाची वाट आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. बाजाराच्या दिवशीचा चौकच तो. पण तिथे एक इमानी झाकण आहे. घास आला की ते श्वासाची वाट बंद करतं. घाईत अमृत प्यायलेल्या राहूला चक्राआधी ठसकाच लागायचा.

त्या चौकात आवाजाच्या दोऱ्या आहेत. त्यांचा डावा मज्जातंतू मेंदूकडून निघतो, गळ्याच्या शेजारून तसाच खाली छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि मग परत वर गळ्यात येतो. राहुरीहून वांबोरीला जायचं तर आधी नगर गाठून माघारी यावं, तसा प्रकार. हा मार्ग कुणी आखला असेल ते न विचारलेलं बरं.

भूकही म्हणे मेंदूत लागते. हे ऐकल्यावर मला राहूची पहिल्यांदाच दया आली. डोकं अमर, म्हणजे भूक अमर. पोट मात्र कायगावला! चंद्र गिळायचा आणि तो घटकाभराने गळ्याखालून बाहेर. मान नसली की खाल्लेलं अंगी लागत नाही, मग तो चंद्र का असेना.

डॉक्टरांनी काही फार केलं नाही. "स्नायू आखडलाय," म्हणाले, आणि आठवडाभरासाठी पट्टा दिला. गावात मात्र "ह्यांना सर्व्हायकल झालंय" अशी बातमी. जणू बाकीच्यांना मानेचे मणके नाहीतच. पट्टा बांधून बाजारात गेलो तर लोक उठून जागा देऊ लागले. ती मान दुखायला लागल्यावर तो मान मिळायला लागला. मराठीचीच ही गंमत. संस्कृतात मानेच्या शिरेला 'मन्या' म्हणतात, मान आखडण्याला आयुर्वेदात 'मन्यास्तंभ'. तिथून आली ती मान. तो मान वेगळ्या घराण्यातला. दोघांचं रक्ताचं नातं नाही, पण मराठीत येऊन एका नावाने राहू लागले.

"तितकं वेगळंही नाही हं," भाची म्हणाली. मग तिने शवविच्छेदनाचा पहिला दिवस सांगितला. टेबलावर देहदान केलेले कुणी आजोबा. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. सगळ्या वर्गाने उभं राहून शपथ घेतली आणि माना खाली घातल्या. "मान द्यायचा म्हणजे शेवटी मानच खाली घालायची असते ना, मामा?"

रविवारी आम्ही नेवाशाला गेलो. तिथे ज्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो पैसाचा खांब. सगळे वाकून टेकत होते. मी पट्ट्यात ताठ. माउलींसमोर असं ताठ उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मग सच्चिदानंदबाबा आठवले. सांगणाऱ्याला टेकायला खांब होता. नऊ हजारांवर ओव्या उतरवून घेणाऱ्याला काय होतं? फक्त खाली घातलेली मान. मला त्या जागी वाकता येत नव्हतं, म्हणून खांबाऐवजी मनातल्या मनात मी त्या मानेला नमस्कार केला.

बाहेर प्रवरा वाहत होती. आमच्या राहुरीची मुळा या प्रवरेला मिळते आणि प्रवरा पुढे टोक्याला गोदावरीत जाते. पलीकडच्या काठाला कायगाव. म्हणजे डोक्याच्या गावचं पाणी नेवाशावरून निमूटपणे कायेच्या गावाला पोचतंच आहे. कुठे पडली, कुठे पडली म्हणत होतो ती मान ही अशी पायाशी वाहत होती.

"आलोच आहोत तर कायगावही करून येऊ?" बायकोने विचारलं. ऊन मी म्हणत होतं, गाडीत पेट्रोल बेताचं होतं, पोटात कावळे. नाही म्हणायला सतरा कारणं होती.

मान खाली-वर झाली.