वाचलेले पैसे

अप्पा बळवंत चौकातून रिकाम्या हाताने परतणारा वाचक पुण्यात असेलही. हा तो नव्हे.

याचा संकल्प गुढीपाडव्याचा. यंदा एकही पुस्तक घ्यायचं नाही, आधी घरातली संपवायची. पण लगेच २३ एप्रिल उजाडतो. जागतिक पुस्तक दिन! थेट युनेस्कोने ठरवलेला दिवस एका पेन्शनराने कोरडा घालवावा, हे बरं दिसत नाही. म्हणून एकच, पातळसं. पातळ पुस्तकं त्याच्या मते मोजायचीच नसतात.

हिशेबाला मात्र पक्का. प्रकाशनपूर्व सवलतीत हजाराचा ग्रंथ सहाशेला मिळाला, की वहीत सहाशे खर्ची पडत नाहीत. चारशे जमेला लागतात. त्या जमेतून पुढची खरेदी निघते. शिवाय छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य. सरकार कर सोडतंय आणि आपण हात आखडायचा? एवढं देशप्रेम आयकर भरताना दिसत नाही, ते सोडा.

खर्च आवरावा म्हणून तो वाचनालयाचा सभासदही झाला. पहिलंच पुस्तक इतकं आवडलं की परत करवेना. मग विकत आणलं.

मराठी विश्वकोशाचे वीसही खंड इंटरनेटवर फुकट आहेत, हे मुलीने त्याला उघडून दाखवलं. “आणि लाइट गेले तर?” असं विचारून तो छापील खंडांच्या चौकशीला निघाला. मोल्सवर्थच्या कोशाचं पुनर्मुद्रण घेताना म्हणाला, “हा कधी जुना व्हायचा नाही.” खरंच आहे. दुसरी आवृत्तीच १८५७ सालची, आता आणखी काय जुना होणार?

अगदीच अडलं तर बाबासाहेब. पुस्तकं मावावीत म्हणून त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधलं, आपण तर नुसतं एक कपाट मागतोय. बाबासाहेबांनी ती पुस्तकं वाचली होती, असं घरात कोणी म्हटलं की नेमका याला कुणाला तरी फोन करायचा असतो.

नवं पुस्तक घरात आणायची त्याची ठरलेली रीत आहे. दुकानाची पिशवी बाहेरच टाकायची, पहिल्या पानावर सही करून खाली पाच-सहा वर्षांपूर्वीची तारीख घालायची आणि कपाटाच्या मागच्या रांगेत सरकवायचं. कुणी विचारलंच तर, “हे होय? जुनंच आहे.”

परवा मुलीने त्यातलंच एक ‘जुनं’ काढलं. सहीखाली २०१९. तिने पान उलटलं. पहिली आवृत्ती, २०२५.

“प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलंय,” तो म्हणाला.