अक्षरी तेवीस

दहावीची परीक्षा आली की मुलं जागरणं करतात, आया देव पाण्यात घालून बसतात आणि कस्टोडियन सर मोजतात. मंडळाच्या कागदोपत्री त्यांना परीरक्षक म्हणतात, पण या शब्दाला स्टाफरूममध्ये कोणी ओळखत नाही. सर मूळचे भूगोलाचे की हिंदीचे, हेही आता कोणाला आठवत नाही. पेपर संपल्यावर केंद्राकेंद्रांवरून गठ्ठे त्यांच्या खोलीत येऊन पडतात आणि सर अंगठा ओल्या स्पंजात बुडवतात. ब्लॉकमध्ये २५ मुलं, दोन गैरहजर, उत्तरपत्रिका २३. ही वजाबाकी तिसरीतलं पोर तोंडी करेल. सर एकदा वरून मोजतात, एकदा खालून मोजतात, मग हजेरीपत्रकावरच्या लाल शाईतल्या गैरहजर क्रमांकांशी ताडून पाहतात आणि शेवटी ‘अक्षरी तेवीस’ असं लिहून खाली सही करतात. तेवढ्यात कोणी ‘चहा घेता का सर?’ असं विचारलं, तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून त्या खोलीत चहा नेहमी गार असतो.

या माणसाची टिंगल करणं सोपं आहे, आणि सहकारी ती मनापासून करतात. पण जरा हिशेब करून पाहा. राज्यात दहावीला १५ लाखांवर मुलं बसतात आणि एकेक मूल आठ-नऊ पेपर लिहितं. म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास उत्तरपत्रिका. त्या केंद्रावरून परीक्षकाकडे, तिथून नियामकाकडे आणि मग मंडळाकडे फिरायच्या, त्याही पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या पुरवण्यांसकट. २०२५ साली परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला; मधले दोन महिने ऐन लग्नसराईचे. लाखात एक उत्तरपत्रिका हरवली तर आपण त्याला उत्तम कारभार म्हणू. पण तसे सव्वाशे पेपर भरतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचं एक घर असतं. शिवाय हरवलेलं आता झाकताही येत नाही. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे. पोरगी छायाप्रत मागायला आली की कागदच काढून दाखवावा लागतो. परीक्षक मांडवात अक्षता टाकत असताना ‘सर, गठ्ठा झाला का?’ असा फोन येतो, तो याच धास्तीपोटी.

यावर आधुनिक मंडळींचा आक्षेप ठरलेला: बारकोड आला, आता स्पंज कशाला? बारकोड हवाच, नाव-नंबर झाकून तपासणी होते, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण बारकोड वाचायला कागद यंत्रासमोर यावा लागतो. जो गठ्ठा कपाटामागे पडला, त्याच्याबद्दल यंत्र कधीच तक्रार करत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली सतरा लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या, तेव्हा ३१ जुलैची मुदत उलटून गेली, काही उत्तरपत्रिका सापडेनात, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पायउतार व्हावं लागलं. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. तयारीच अपुरी होती, आणि आलेलं व गेलेलं जुळवणारा किरकिऱ्या माणूस हा त्या तयारीचाच भाग असतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: सर संशयी आहेत, समोरच्याने मोजून दिलेलं त्याच्यादेखत पुन्हा मोजतात, आणि त्यात अपमान होतो. होतो खरा. मात्र सर स्वतःचाही तितकाच अपमान करतात. संध्याकाळी कुलूप लावून फाटकापर्यंत जातात, परत येतात आणि कुलूप ओढून बघतात. त्यांचा अविश्वास तेवीस या आकड्यावर असतो, माणसावर नाही. माणसाकडे त्यांचं फारसं लक्षच नसतं, ही तक्रार हवी तर करावी.

निकाल लागल्यावर त्यांच्याकडे पेढे घेऊन जाणार असाल, तर एक विनंती आहे. नगावर न्या. किलोवर आणलेल्या पेढ्यांची पोच ते देत नाहीत.